गिताबाईचे दोन दिवस

झुंबरबाई खुरपायला बसायची तेव्हा आधी युरियाचं रिकामं पोतं दुमडून वाफ्याच्या वरंब्यावर ठेवायची. मग दोन्ही हात मागं टेकून हळूहळू खाली यायची. शेवटचं वीतभर अंतर गुडघे तोलत नसत. तेवढी ती पडायचीच. बाकीच्या बाया वाफ्यात उकिडव्या बसून रोपांमधून अलगद पुढं सरकत. झुंबरबाई पाय लांब सोडून वरंब्यावर बसे, हात पोचेल तेवढं दोन्हीकडचं तण काढी आणि मग पोत्यासकट स्वतःला हातभर पुढं ओढी. संध्याकाळपर्यंत तो वरंबा घासून सपाट झालेला असे. बाया घरी गेल्या की तिचा नवरा भिमाजी फावडं घेऊन यायचा आणि माती पुन्हा चढवायचा, नाहीतर पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फुटलं असतं. याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. तीन वर्षं असंच चाललं होतं.

या जानेवारीत मात्र वरंबे तसेच राहिले. भिमाजी कानटोपी घालून बांधावर बसून होता. दिवाळीनंतर त्याची भाकरी अर्धीवर आली होती, मग चतकोरावर, आणि आता वाटीभर पेज. तीही कधी पोटात राहायची, कधी नाही. पुण्याला जाऊन नळी घालून तपासणी झाली होती. जठराचा कॅन्सर निघाला होता. पुढं काय करायचं हे सोमवारी कळायचं होतं.

झुंबरबाईच्या शेतात त्या दिवशी सहा बाया होत्या. न्हावऱ्याच्या त्या वस्तीवर कांद्याची खुरपणी सावडीनं चालायची. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या माझ्या. जिनं जितके दिवस घेतले तिनं तितके फिरून द्यायचे.

"झुंबराक्का, तुझ्या मागनं रोलर फिरल्यावानी दिसतंय," शेजारच्या रानाची गिताबाई म्हणाली.

"रोलरला डिझेल घालावं लागतं. मला सकाळपास्नं कुणी चहा बी दिला न्हाई."

बाया हसल्या. थोड्या वेळानं गिताबाई खुरपं थांबवून म्हणाली, "माझा कांदा औंदा उशिरा लागला. पाटाचं पाणीच उशिरा आलं. मार्चात खुरपायला येईल. माझे दोन दिवस हायती तुझ्याकडं, पर तू नगं येऊ. सोडले म्यां."

झुंबरबाईचा हात थांबला. "सोडले म्हंजी?"

"म्हंजी राहू दे. ह्या गुडघ्यांनी कुठं येतीस?"

"मेलेल्या बाईचे दिवस सोडत्यात, गिता. मी हाय अजून."

गिताबाईनं मान खाली घालून खुरपं चालवलं. सहा खुरप्यांचा खरखर आवाज तेवढा चालू राहिला. बांधावरून भिमाजीनं सगळं ऐकलं होतं. त्यानं कानटोपी आणखी खाली ओढली.

सोमवारी मुलगा दत्ता त्याला पुण्याला घेऊन गेला. दत्ता कारेगावच्या बाजूला एका कंपनीत कायम होता. त्यानं रजा टाकली होती आणि मित्राची गाडी आणली होती. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाईल शेवटपर्यंत वाचली, मग बंद केली.

"ऑपरेशन करून उपयोग नाही. आजार यकृतापर्यंत गेलाय. इंजेक्शनं आहेत, तीन आठवड्यांनी एक. चार घेऊन बघायची आणि मग ठरवायचं."

"त्यानं बरं वाटंल ना?" दत्तानं विचारलं.

"आजार जाणार नाही. काहींना फायदा होतो, बऱ्याच जणांना होत नाही. झाला तर तीन-चार महिने जास्त मिळतात. कुणाला त्याहून जास्त, पण त्याची आशा मी लावणार नाही."

भिमाजी इतका वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. तो म्हणाला, "कसले म्हयने, बाई?"

"कसले म्हणजे?"

"म्हंजी रानात जायचे, का खाटंवरचे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "थोडे असे, थोडे तसे. इंजेक्शननंतर आठवडाभर गळून जाल. एक दिवस तपासण्यांत जाणार, एक येण्याजाण्यात. मधले दिवस तुमचे."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"आप्पा," दत्ता म्हणाला.

"इचारतोय रं. इचारायला पैसं पडत न्हाईत."

"नाही घेतलंत तरी मी तुम्हाला सोडणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखायला लागलं की गोळ्या, उलटीवर औषध. झोप लागावी, चार घास जावेत, एवढं करता येतं. त्याला फार खर्च नाही. किती दिवस ते मला नक्की सांगता येणार नाही. उन्हाळा बघाल बहुतेक. पावसाळ्याचं मी बोलत नाही."

भिमाजीनं मान हलवली. पाटकऱ्याला पाण्याची पाळी विचारावी आणि त्यानं ती सरळ सांगावी, तसं त्याला वाटलं.

परतताना शिक्रापूर मागं पडलं. मग दत्तानं हिशेब सांगितला. कंपनीचा विमा पाच लाखांचा होता, पण तो घरातल्या सगळ्यांत मिळून. चार इंजेक्शनांत संपणार. मार्चअखेर वर्ष संपलं की नव्या वर्षापासून आईबाप त्यात धरणार नव्हते. ऑफिसातून तसं पत्रच आलं होतं.

"म्हंजी एकदाच हाय," भिमाजी म्हणाला.

"व्हय."

"तुझ्या आईचं गुडघं त्यात बसत्यात का?"

दत्तानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. "काय बोलताय तुम्ही?"

"दोन्ही गुडघं. पाच लाखात व्हत्यात. म्यां इचारलंय शिरूरला, मागच्या वरसाला. तवा तुझ्या आईनं नगं म्हणलं."

"आप्पा, आईचं गुडघं कुठं पळून चालल्यात?"

"तेच तर. पळत न्हाईत." तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "तिला साठावं सरलं. अजून पंधरा वरसं तरी काढंल ती. तिची आई नव्वदीला गेली. पंधरा वरसं ढुंगणावर सरकायचं तिनं, आन् मी चार म्हयने खाटंवर झोपायचं. तूच सांग."

दत्ताचे डोळे भरले होते. त्यानं गाडी सुरू केली.

घरात ही गोष्ट दोन दिवस कुणी उघड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भावकीतले पोपटराव आले. ते सोसायटीचे संचालक होते आणि वस्तीवर कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना आधी कळायचं. सुनेनं, सवितानं, चहा ठेवला. पोपटरावांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"भिमा, ऐकतोय ते खरं हाय का?"

"काय ऐकताय त्यावर हाय."

"गाव म्हणंल, दत्तानं बाप टाकला आन् आईला गुडघं बसवलं. पोराच्या तोंडाला काळं लावून जातोस का? उपचार तरी केलं म्हणायला नगं?"

"म्हणायला," भिमाजी म्हणाला. "म्हणायला किती पडत्यात, तात्या? म्हस आजारी पडली तर तुम्ही डॉक्टरला इचारता, दूध किती दिवस देईल? आन् मग ठरवता."

"माणूस म्हंजी म्हस हाय का?"

"न्हाई ना. म्हणून तर बायकोचा इचार करतोय."

आतून स्वयंपाकघराच्या दारातून झुंबरबाईचा आवाज आला. ती उंबऱ्यापर्यंत भिंत धरत आली होती. "पोपट भावजी, तुमी चहा घ्या आन् जावा. मला कुणी इचारलं न्हाई अजून. आन् इचारलं तरी मी करायची न्हाई. नवऱ्याच्या मरणावर उभी राहू व्हय?"

पोपटराव विजयी मुद्रेनं उठले. सविता कपबशा उचलत होती. ती सासऱ्याच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "मामा, आत्याबाई रोज सकाळी संडासाला जाताना माझा खांदा धरत्यात. येताना रडत्यात. तुमास्नी ठावं न्हाई." आणि ती आत निघून गेली.

भिमाजीला खरंच ठाऊक नव्हतं. तो पहाटे रानात जायचा. त्या वेळी तो घरी कधीच नसे.

पुढच्या बुधवारी त्यानं बायकोला शिरूरला नेलं. नुसतं दाखवू, डॉक्टर काय म्हणतोय ऐकू, मी पुन्हा म्हणणार न्हाई, असं कबूल करून नेलं. दत्ता कामावर होता, म्हणून एसटीनं. फाट्यावर गाडी थांबली. पहिली पायरी उंच होती. झुंबरबाईनं दांडा धरला, पाय उचलला, पण गुडघा वर घेईना. कंडक्टरनं वरून दंड धरला. खालून एका तरण्या माणसानं, "चला मावशी," म्हणत तिच्या कमरेखाली हात देऊन ढकललं. ती आत गेली, खिडकीशी बसली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. शिरूर येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

हाडांचा डॉक्टर तरुण आणि बोलका होता. त्यानं एक्स-रेचा फोटो पाहिला, दोन्ही हाडं एकमेकांवर घासताहेत ते पेनानं दाखवलं. "दोन्ही बदलू. तिसऱ्या दिवशी चालायला लावतो. दीड महिन्यात काठी धरून फिराल."

"खाली बसता येईल ना?" भिमाजीनं विचारलं. "खुरपायला?"

"नाही. ते कायमचं बंद. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. सगळं खुर्चीवर. स्वयंपाकसुद्धा ओट्यापाशी उभं राहून."

भिमाजीचा चेहरा पडला. गेले आठ-दहा दिवस तो मनात एकच चित्र बघत होता: झुंबर वाफ्यात उकिडवी बसलीय, बायांच्या पुढं जातेय, वरंबा जागच्या जागी आहे. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग उपयोग काय?"

डॉक्टर गोंधळला. झुंबरबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली.

शिरूरच्या स्टँडवर न्हावऱ्याची गाडी लागली, माणसं चढली. झुंबरबाई बाकावरून हलली नाही. गाडी निघून गेली.

"दुसरी तासानं हाय," भिमाजी म्हणाला.

"असू दे." ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "उपयोग काय म्हणलात."

"चुकलं."

"चुकलं न्हाई. खरं त्येच बोललात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लगीन होऊन आले तवा सोळा वरसांची व्हते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खुरपं दिलं हातात. चव्वेचाळीस वरसं झाली. तुमी गुडघं म्हणलं की रान म्हणताय. मला कुणी इचारलंय का, झुंबर, तुला कशापायी पाय पायजेत?"

"सांग की."

"मला खुरपायचं न्हाई." हे बोलून ती जरा थांबली, जणू कुणी रागावेल. "मला त्या गाडीची पायरी चढायचीय. कुणी मागनं हात न लावता. पारगावला जायचंय. दोन तासांवर माहेर, आन् चार वरसं झाली, गेले न्हाई. भाऊ म्हणतो गाडी पाठवतो. मला गाडी नगं. आन् सकाळी उठून एकटीनं जायचंय, सविताला न उठवता. एवढंच हाय. फार न्हाई."

भिमाजी तिच्या हातांकडं बघत होता. तळहाताच्या कडा वरंब्यावर टेकून टेकून तांबड्या आणि जाड झाल्या होत्या.

"म्यां डॉक्टरीणबाईला बी त्येच इचारलं," तो म्हणाला. "रानात जायचे म्हयने का म्हणून. आपल्याला दुसरं काय इचारायचं सुचतच न्हाई."

एक पोरगा शेंगदाण्याच्या पुड्या विकत गेला. भिमाजीनं तिच्यासाठी एक घेतली. तिनं ती तशीच मांडीवर ठेवली.

"करते मी," झुंबरबाई म्हणाली. "पर तुमच्या माघारी न्हाई. आताच. मला चालताना बघायला तुमी पायजेत. गावाला काय म्हणायचं ते तुमी असताना म्हणू दे, तुमी उत्तर द्या. मी द्यायची न्हाई."

"देतो."

"आन् गिताचे दोन दिवस? आता तर मला कवाच बसता येणार न्हाई. तिनं सोडले तसे ऱ्हात्याल."

"ते मी बघतो."

"तुमी काय बघणार?"

"बघतो म्हणलं ना. शेंगदाणं खा."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. कागदावर दत्तानं सही केली. त्यानं बापाला पुन्हा एकदा विचारलं, वीस गुंठे विकून तुमचंही करू का. भिमाजी म्हणाला, "आधी मला त्ये इंजेक्शन हवं असायला पायजे का न्हाई?" त्यानंतर दत्तानं विचारलं नाही. दर पंधरा दिवसांनी तो पुण्याहून बापाच्या गोळ्या आणायचा आणि कोणती कधी घ्यायची ते पाकिटांवर मोठ्या अक्षरांत लिहायचा.

झुंबरबाई घरी आली ती चार पायांचा वॉकर धरून. टाक्यांची रांग दोन्ही गुडघ्यांवर उभी, वीतभर लांब. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीनं सांगितलं, गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. आता साठातच अडकतोय. ती गेल्यावर भिमाजीनं नातीच्या, तेजश्रीच्या कंपासमधून कोनमापक मागून घेतला. रोज सकाळी झुंबरबाई खाटेच्या कडेला पाय सोडून बसायची. तो खाली चटईवर बसून तिची टाच धरायचा आणि हळूहळू मागं ढकलायचा.

"आई गं. मारता का काय?"

"पासष्ट. अजून जरा."

"शाळंत मास्तर व्हायला पायजे व्हतं तुमी."

"शाळंत असतो तर एवढ्या शिव्या खाल्ल्या नसत्या. अडुसष्ट. थांब, श्वास सोड."

तेवढ्यानं त्याला घाम यायचा. पोटात कळ आली की तो टाच न सोडता डोळे मिटून थांबायचा. तिला कळायचं. मग ती म्हणायची, "बास, मी दमले," आणि तो म्हणायचा, "व्हय, दमलीस." सकाळी दोघंच असायची. चाळीस वर्षांत एवढ्या सकाळी भिमाजी घरात कधी नव्हता.

फेब्रुवारी सरता सरता कोनमापकावर नव्वद आले. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी मागितली, आणि ती पोटात राहिली.

गिताबाईचा कांदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खुरपायला आला. सकाळी बाया रानात उतरल्या, तर बांधावरून भिमाजी येत होता. हातात झुंबरबाईचं खुरपं, काखेत युरियाचं पोतं. अंगावरचा सदरा हँगरला अडकवल्यासारखा लोंबत होता.

"भाऊजी, रान चुकलं का?" एकीनं विचारलं.

"न्हाई. झुंबरचे दोन दिवस हायती."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. खुरपणीच्या सावडीत आजवर गडीमाणूस बसला नव्हता. एक जण पदरात हसत म्हणाली, "लुगडं आणून देऊ का?"

"तुझं नगं. आखूड पडंल."

हशा झाला आणि अवघडलेपण गेलं. पण गिताबाई हसली नाही. ती उठून जवळ आली. "भाऊजी, जावा घरी. म्यां सोडलेत म्हणलं व्हतं."

"सोडलेलं तिला सोसत न्हाई, गिता. मला एक वाफा दाव."

तिनं कडेचा, सावलीजवळचा वाफा दाखवला. तो उकिडवा बसला. हात सवयीचा नव्हता. तासाभरात त्यानं तणाबरोबर सात-आठ कांदे उपटले, आणि दरवेळी गुपचूप परत मातीत खोचले. बायांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. दर थोड्या वेळानं तो पोत्यावर बसायचा, दम खायचा, पुन्हा उकिडवा व्हायचा. दुपारी गिताबाई म्हणाली, आज एवढं पुरे. तो म्हणाला, दिवस म्हंजी दिवस. त्याचा वाफा बाकीच्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच होई. कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. पाडव्याला आठवडा राहिला होता. भिमाजीनं पाडव्याला पारगावला जायचं ठरवलं होतं, एसटीनं, दोघांनी. चार वाजले तेव्हा त्याच्या वाफ्याचा हातभर तुकडा उरला होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अगं, ती बघ."

घराकडून झुंबरबाई येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा डबा. ऑपरेशननंतर अंगणाच्या बाहेर ती आजवर पडली नव्हती. मधे तीन रानं होती आणि एक कोरडा पाट. पाटाशी ती थांबली. गिताबाई उठू लागली, तसा भिमाजी म्हणाला, "बस. जाऊ नगंस." सगळ्या खाली मान घालून खुरपू लागल्या आणि पापण्यांखालून बघू लागल्या. झुंबरबाईनं काठी पलीकडं टेकली, एक पाय उचलला, ठेवला, मग दुसरा. ती अलीकडं आली.

ती वाफ्यापाशी पोचेपर्यंत भिमाजीनं शेवटचं तण काढलं. खुरपं पोत्यावर ठेवून तो उठायला गेला आणि उठता आलं नाही. तो पोत्यावर बसला.

झुंबरबाईनं डबा खाली ठेवला आणि हात पुढं केला. "उठा."

"राहू दे. जरा बसतो."

त्यानं डब्याला तोंड लावून थोडं पाणी प्यायलं. मिशीवरून निथळून ते सदऱ्यावर पडलं.

"तू बी टेक की गं," गिताबाई म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"मला खाली बसायचं न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलंय."

भिमाजीच्या तोंडावर ऊन येत होतं. तो डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होता. झुंबरबाई काठी टेकत दोन पावलं बाजूला सरकली आणि उन्हाकडं पाठ करून उभी राहिली. तिची सावली त्याच्यावर पडली. बायांनी पोती झटकली, खुरपी गोळा केली, एकेक जण बांधाला लागली. गिताबाईनं जाताना त्याचा वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाली, "झालं बरं का, झुंबराक्का. दोन्ही दिवस."

दोघंच राहिली. ऊन उतरत होतं तशी ती सरकत होती.

"लई येळ उभी हायस," भिमाजी म्हणाला. "पाय दुखत असतील."

"न्हाई दुखत," झुंबरबाई म्हणाली.